क्षार, उंदीर आणि पडून राहणं : जुनं ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन पुन्हा चालतं करताना

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत अकरा वर्षं एक वॉशिंग मशीन उभं होतं. आत्यानं १९९४च्या दिवाळीत घेतलेलं, पाच किलोचं, समोर काचेचं गोल दार असलेलं. एका उन्हाळ्यात ते घरघरायला लागलं. मेकॅनिकनं "आता यात काही राहिलं नाही" म्हणून हात झटकले. मग त्याच्यावर पापडाचे डबे आले, कूलरच्या जुन्या ताट्या आल्या, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आला, आणि मशीन आहे हेच घर विसरून गेलं.

मी ते उघडलं तेव्हा मोटर ठणठणीत होती. टायमर चालू होता. गेलं होतं ते मागचं बेअरिंग, त्याच्या पुढचं रबरी सील आणि हीटरवर जमलेला बोटभर क्षार. त्यानंतर आजवर सात जुनी मशिनं माझ्या हातून गेली. त्यातलं एकही वयामुळं बंद पडलेलं नव्हतं. नागपुरात ही मशिनं संपतात ती बोअरच्या जड पाण्यानं, वायर कुरतडणाऱ्या उंदरांनी आणि नुसतं पडून राहिल्यानं. या तिन्हींवर इलाज आहे, आणि तो घरच्या घरी बराचसा करता येतो. तो कसा, ते क्रमानं लिहिते.

कोणतं मशीन हाती घ्यावं

कपडे भिजवणं, धुणं, खळबळणं, पिळणं हे सगळं एकाच पिंपात आपोआप करणारं घरगुती मशीन अमेरिकेत बेंडिक्स कंपनीनं १९३७ साली लोकांपुढं आणलं. त्याला हादरे शोषणारी सोय नव्हती, म्हणून ते फरशीला बोल्टनं जखडावं लागे. आपल्याकडं ऑटोमॅटिक मशीन मध्यमवर्गीय घरात शिरलं ते १९८०चं दशक संपता संपता आणि नव्वदच्या दशकात. टीव्हीएस-व्हर्लपूल, व्हिडिओकॉन, बीपीएल, गोदरेज, आयएफबी ही त्या काळातली ओळखीची नावं. आयएफबी म्हणजे मुळात १९७४ साली सुरू झालेली इंडियन फाइन ब्लँक्स, पत्र्यातून अचूक सुटे भाग कापणारी कंपनी. मग १९९७मध्ये एलजी आली आणि दुकानांचं रूपच पालटलं.

दुरुस्तीला सगळ्यात प्रेमळ मशीन म्हणजे गोल बटण फिरवायचं असतं ते, म्हणजे यांत्रिक टायमरचं. त्याच्या आत काय घडतंय ते डोळ्यांना दिसतं. स्टिकरवर मोठ्या अक्षरात 'फजी लॉजिक' लिहिलेली मशिनंही चांगली असतात, पण त्यांचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर तसंच कार्ड मिळवायला महिने जातात. पहिल्यांदाच हे काम करणार असाल तर टायमरचंच घ्या.

विकत किंवा फुकट घेण्याआधी चार गोष्टी जागेवरच बघा. ड्रमची वरची कड धरून वर उचला. तो 'टक' करून हलला तर बेअरिंग गेलंय, आणि ते चालेल, बेअरिंग मिळतं. हातानं ड्रम फिरवून कान पत्र्याला लावा. मागचं झाकण काढता आलं तर टबच्या, म्हणजे ड्रमभोवती पाणी धरणाऱ्या बाहेरच्या पिंपाच्या, मधोमध खाली तपकिरी ओघळ दिसतो का बघा. दिसला तर सील गळतंय आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरलंय. शेवटी टॉर्च घेऊन बुडाचा पत्रा बघा. पाय जिथं बसतात तिथं पत्रा गंजून जाळीदार झाला असेल तर मी ते मशीन सोडून देते. बाकी सगळं मिळतं, बॉडी मिळत नाही.

घरी आणताना छोटा हत्ती ठरवा आणि मशीन उभंच ठेवा. फ्रंट लोडचा, म्हणजे समोर दार असलेल्या मशीनचा, टब आत स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. वरचं झाकण काढून टब आणि पत्रा यांच्यामध्ये जुन्या गोधड्या घट्ट कोंबल्या नाहीत, तर इतवारीच्या खड्ड्यांमध्ये एखादा शॉक ॲब्सॉर्बर हमखास तुटतो.

वीज आधी

प्लग काढल्याशिवाय एकही स्क्रू उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. त्याच्या दोन टोकांना दहा-वीस किलोओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर काही सेकंद धरा, मग हात लावा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय अनेक मेकॅनिकांना असते. तसं करू नका, कपॅसिटरही खराब होतो.

अर्थिंगबद्दल आपल्या गावापुरतं एक सांगते. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याची पकड सुटते. पावसाळ्यात नीट असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. ओल्या हातानं लोखंडी पत्र्याला शिवायचं असतं हे लक्षात घेऊन, एप्रिलपासून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला आणि मशीनच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. मी हे प्रत्येक घरात आधी करवून घेते, मगच मशीनला हात लावते.

पत्रा उघडल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं. प्रत्येक वायरचा, प्रत्येक जोडाचा. मग ब्रशनं धूळ झाडा आणि वायरींची पूर्ण माळ बोटांनी चाचपत जा. उंदरानं कुरतडलेली वायर दिसते कमी, हाताला लागते जास्त. तुटलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळू नका. वायर कापा, सोल्डर करा, वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा. काम संपलं की बुडाला बारीक लोखंडी जाळी बसवा. इतवारीतल्या लोहा ओळीत ती किलोवर मिळते. जाळी ठोकल्यापासून आमच्या मशिनात उंदीर गेलेला नाही.

पाणी येतं कुठून, जातं कुठं

शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं, ते मशीनला मानवतं. पण अनेक घरांत उन्हाळ्यात, आणि बाहेरच्या वस्त्यांमध्ये बाराही महिने, टाकीत बोअरचं पाणी चढतं. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच मशीनच्या पोटात बसतो. कूलरमध्ये तो दिसतो एवढाच फरक.

पहिला तपास इनलेट व्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या झडपेचा. नळाची नळी सोडवली की व्हॉल्व्हच्या तोंडात बारीक जाळी दिसते. पकडीनं अलगद ओढून ती लिंबूसताच्या पाण्यात टाका. व्हॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो आणि त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्या भोकातून पाणी पडद्याच्या वर जातं आणि त्या दाबानं व्हॉल्व्ह मिटतो. भोक क्षारानं बुजलं की व्हॉल्व्ह मिटतच नाही. प्लग काढलेला असतानाही मशीनमध्ये पाणी गळत असेल तर दोष इथंच आहे, कार्डात नाही. व्हॉल्व्ह उघडणारी तारेची कॉइल मल्टिमीटरवर साधारण साडेतीन ते पाच किलोओहम दाखवते. काहीच दाखवलं नाही तर ती तुटली आहे, व्हॉल्व्ह बदला.

व्हॉल्व्ह चांगला असूनही पाणी थेंबथेंब येत असेल तर छपरावर जाऊन टाकी बघा. या व्हॉल्व्हना साधारण ०.३ बार दाब तरी लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी व्हॉल्व्हच्या तीन मीटर वर हवं. बैठ्या घराच्या स्लॅबवर टेकवलेली टाकी एवढा दाब देत नाही. अशा घरात मशीन दुरुस्त करण्याऐवजी टाकीखाली लोखंडी घोडी करून ती उंच करावी लागते. मी दोन ठिकाणी तसंच केलं.

आता हीटर. २३० व्होल्टवर दोन हजार वॉटचा हीटर २६ ओहमच्या आसपास दाखवतो. त्यावरचा क्षार हातोडीनं फोडायचा मोह होतो, तो आवरा. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. नळीला तडा गेला की तिच्यात ओल शिरते आणि वीज बॉडीवर उतरते. हीटर काढून लिंबूसताच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा. फसफस थांबली की थर बोटानं सुटतो. मग हीटरचं टोक आणि बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वीज बॉडीवर गळते का ते मोजायचं यंत्र, लावा. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर तो हीटर परत बसवायचा नाही, तारेचा आकडा कितीही बरोबर असला तरी.

पूर्ण मशीनचा क्षार काढायचा झाला तर रिकाम्या ड्रममध्ये दीडशे ग्रॅम लिंबूसत टाकून ६० अंशांवर एक फेरी चालवा आणि लगेच दोनदा साध्या पाण्यानं खळबळून घ्या. आम्ल आत रात्रभर ठेवू नका, ड्रमच्या मागचा ॲल्युमिनियमचा भाग खराब होतो. दाराच्या रबरावरची काळी बुरशी ब्लीचच्या पातळ पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं निघते. पण ब्लीच आणि लिंबूसत एकाच दिवशी वापरू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

बेअरिंग : दोन दिवसांचं, दोन माणसांचं काम

या भागाला घाई चालत नाही. आत्याच्या मशीनवर मी आणि माझा धाकटा दीर असे दोघं शनिवार-रविवार बसलो होतो.

वरचं झाकण मागचे दोन स्क्रू काढून सरकवलं. पावडरच्या ट्रेची नळी सोडली. दाराच्या रबराभोवतीची तारेची रिंग स्क्रूड्रायव्हरनं उचलून काढली आणि रबर टबच्या बाजूनं आत दुमडलं. काँक्रीटची वजनं सोडवली. ती जड असतात, पायावर पडू देऊ नका. मागून पट्टा उतरवला, मोटर खोलली, खालचे शॉक ॲब्सॉर्बर सोडवले, आणि टब स्प्रिंगांवरून उचलून चटईवर पालथा ठेवला.

पुलीचा बोल्ट वर्षानुवर्षांचा असतो. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून चहा पिऊन या. मग बोल्ट आधी किंचित घट्ट करा, 'कट' असा आवाज येऊ द्या, आणि मग उलटा फिरवा. सरळ उलटा जोर लावला की डोकं मोडतं आणि दिवस वाया जातो. पुली निघाली की टबचे दोन भाग जोडणारे बोल्ट काढा, मग पुलीचा बोल्ट दोन-तीन आटे परत लावा, त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीनं ठोका. शाफ्ट आत सरकतो आणि ड्रम मोकळा होतो.

इथं थांबून ड्रमच्या पाठीवरचे तीन पाय नीट बघा. मेकॅनिक त्याला स्पायडर म्हणतात. ते ॲल्युमिनियमचं असतं, आणि साबणाचा खार व जड पाणी मिळून त्याला आतून पोखरतात. वर पांढरी भुकटी दिसते ती घासून काढा आणि टोकदार वस्तूनं प्रत्येक पाय टोचून बघा. टोक रुतलं तर ते मशीन पुढं चालवू नका. मिनिटाला ८०० फेऱ्या घेणारा ओला ड्रम एक पाय तुटल्यावर काय करतो ते बघायची वेळ कोणावर येऊ नये. नवा स्पायडर मिळाला तर पुढं जायचं, नाही तर हे मशीन दुसऱ्या मशीनसाठी सुटे भाग द्यायला ठेवायचं.

आत्याच्या मशीनचा स्पायडर धड निघाला. जुनी बेअरिंगं मागून लोखंडी कांडी लावून, एकदा इकडं एकदा तिकडं असं ठोकत बाहेर काढली. आतलं बेअरिंग म्हणजे गंजाचा लगदा झाला होता. तरी बाहेरच्या कड्यावर ६२०५ हा आकडा वाचता आला. हा आकडा म्हणजे सगळं. ६२०४चं आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७. ६२०५चं २५ आणि ५२. ६२०६चं ३० आणि ६२. दुकानदाराला मशीनचं नाव सांगून उपयोग नाही, आकडा सांगा, आणि दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलंच मागा. पत्र्याच्या झाकणाचं स्वस्त पडतं, पण ओल्या जागी लवकर जातं. सीलवरही तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते पुसले गेले असतील तर व्हर्नियर कॅलिपरनं सीलचं घर, म्हणजे ते बसतं ती खाच, मोजा, जुनं सील मोजू नका, ते फुगलेलं असतं.

सील बसतं तिथला शाफ्टचा भाग नखानं खरवडून बघा. नख अडकलं तर तिथं चर पडली आहे आणि नवं सीलही महिनाभरात गळेल. माझ्या दुसऱ्या मशीनला अशी चर होती. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्या दादांनी त्यावर पितळी बूश चढवून दिलं. त्यांनी आधी शाफ्ट हातात फिरवून बराच वेळ नुसता पाहिला आणि मग विचारलं, "ताई, हे कशाचं होय?" वॉशिंग मशीनचं म्हटल्यावर त्यांनी काम अधिकच जिव्हाळ्यानं केलं, कारण त्यांच्याही घरी तसंच मशीन बंद पडून होतं.

नवं बेअरिंग बसवण्याआधी दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा, ते केसभर आकसतं. बसवताना ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर. त्यासाठी जुन्या बेअरिंगचं कडं ठोकळ्यासारखं वापरता येतं. आतल्या कड्यावर एक जरी घाव पडला तर गोळ्यांना खाच पडते आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कुरकुरतं. सीलच्या ओठाला पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरपूर लावा. टबचे दोन भाग जोडताना त्यांच्यामधली रबरी रिंग नवी घाला आणि बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळा.

मोटर, आणि कूलरचा हंगाम

फ्रंट लोडच्या मोटरमध्ये दोन कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे, असतात. ते घासून एक सेंटिमीटरच्या खाली आले की ठिणग्या उडतात आणि मशीन पिळताना दम सोडतं. कार्बन जोडीनंच बदला. जुन्याचा तिरका कोन ज्या बाजूला होता त्याच बाजूला नव्याचा ठेवा. कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याचं चक्र काळं पडलं असेल तर अगदी बारीक काचपेपरनं पुसा. एमरी पेपर वापरू नका. त्याचे कण वीज वाहून नेतात आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या फटीत अडकून शॉर्ट करतात.

टॉप लोडच्या, म्हणजे वरून कपडे टाकायच्या मशीनच्या, मोटरला कार्बन नसतात, कपॅसिटर असतो. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि हातानं पट्टा ढकलल्यावर फिरत असेल तर दहातल्या नऊ वेळा कपॅसिटर गेलेला असतो. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा मोजलेला आकडा दहा टक्क्यांहून जास्त घसरलेला आला तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तितकेच घ्या आणि व्होल्टेज ४४०च घ्या.

मोटर खरोखरच जळाली असेल तर ती वाइंडिंगला द्यावी लागते. नागपुरात हे काम करणाऱ्या हातांना तोटा नाही, कारण अख्ख्या शहराचे कूलर त्यांच्या जिवावर चालतात. पण मार्च ते जून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मी एकदा एप्रिलमध्ये मोटर घेऊन गेले, तर वाइंडिंगवाले भाऊ म्हणाले, "ताई, लोकं गर्मीनं मरून राहिले, मी कपडे धुवायची मशीन कवा करू? पाणी पडू द्या, मंग आणा." त्यांचं बरोबर होतं. जुलैमध्ये गेले तेव्हा त्यांनी जुन्या तारेची जाडी मोजून, वेढे मोजून, तीन दिवसांत मोटर बांधून दिली. तुमची मोटर पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर न्या.

टायमर

या मशिनांवर माझा जीव आहे तो टायमरमुळं. गोल बटणाच्या मागं एक छोटी मोटर असते. ती दातेरी चकत्या पुढं सरकवते, चकत्यांच्या उंचवट्यांवर पितळी पात्या उठतात-बसतात, आणि प्रत्येक उठबशीसरशी पाणी, हीटर, मोटर, पंप यांतलं काहीतरी चालू होतं, काहीतरी बंद. गरम पाण्याच्या फेरीत तर हा टायमर स्वतःच थांबतो. पाणी हवं तेवढं तापलं की थर्मोस्टॅट त्याला पुन्हा चाल देतो. कुठंही चिप नाही, सगळा कार्यक्रम प्लास्टिकच्या चकतीवर कोरलेला. रात्री घर शांत असताना त्याची टिकटिक ऐकत बसावंसं वाटतं.

टायमर उघडू नका. आतल्या पात्या उडाल्या की त्या परत लागत नाहीत. वरच्या फटींतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बटण हातानं पूर्ण दहा-बारा फेरे फिरवा आणि दिवसभर सुकू द्या. फिरवताना दिशा एकच, घड्याळाच्या काट्यांची. उलटं फिरवलं की आतली पाती वाकते, आणि लहान मुलांच्या हातून नेमकं हेच होतं.

पाणी किती भरलं हे टायमरला कळवतो प्रेशर स्विच. टबच्या बुडापासून एक बारीक नळी वर येते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि स्विचचा पडदा 'टक' करतो. मशीन पाणी घेतच राहत असेल तर ही नळी काढून हलकेच फुंकर मारा. 'टक' ऐकू आलं तर स्विच चांगला आहे, नळीला भेग पडली असेल किंवा खालची कुपी गाळानं भरली असेल. आपल्या उन्हाळ्यात रबर कडक होतं आणि भेगा नेमक्या जोडापाशी पडतात. अर्धा इंच कापून नळी परत बसवली तरी काम होतं.

टॉप लोडवाल्यांसाठी थोडक्यात

मधल्या पंख्याचा स्क्रू गंजलेला असतो, त्याला रात्रभर स्प्रेमध्ये भिजू द्या. पंखा सुतळीचे दोन फास अडकवून सरळ वर ओढा. त्याच्या खाली चिल्लर, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हुक सापडतात आणि अर्धा खडखडाट तिथंच संपतो. पाणी जातं पण पिळत नाही, अशी तक्रार असेल तर ड्रेन मोटर बघा. तीच एका ओढीत पाण्याचं तोंड उघडते आणि क्लचही बदलते. तिची ओढ अर्धवट राहिली तर पाणी जातं, क्लच मात्र हलत नाही. टब लोंबतो ते चार दांडे मऊ पडले असतील तर चारही एकदम बदला.

पुरात बुडालेलं मशीन

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटच्या घरांत शिरलं. त्यानंतरचे काही दिवस त्या भागातल्या फाटकांबाहेर चिखलानं माखलेले फ्रीज, सोफे आणि वॉशिंग मशिनं पडलेली होती. त्यातलं एक टॉप लोड मी मागून आणलं. घरच्या काकू म्हणाल्या, "घेऊन जा ना माय, आमच्याच्यानं बघवत नाही."

बुडालेल्या मशीनला सुकवण्याआधी धुवायचं असतं, हे अनेकांना उलटं वाटतं. चिखल सुकला की तो बेअरिंगमध्ये, स्विचमध्ये दगडासारखा बसतो. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे पत्रे काढून साध्या पाण्याच्या बारीक धारेनं आतून धुवा, मोटरसुद्धा. मग मोटर, पंप, स्विच वेगळे काढून सावलीत, पंख्याखाली आठवडाभर ठेवा. मेगरनं रोज मोजा. आकडा दिवसागणिक चढत गेला पाहिजे. चढायचा थांबला आणि एक मेगाओहमच्या खालीच राहिला, तर ती मोटर वाइंडिंगला जाणार. इलेक्ट्रॉनिक कार्ड बुडालं असेल तर त्यावर विसंबू नका. मी त्या मशीनचं कार्ड काढून दुसऱ्या मेलेल्या मशीनचा यांत्रिक टायमर बसवला. वायरी जुळवायला दोन रविवार गेले.

रूप

गंजलेली जागा आधी ८०च्या, मग १२०च्या, शेवटी २२०च्या पॉलिश पेपरनं घासा, रेड ऑक्साइड मारा, वर पांढरा एनॅमल दोन पातळ हातांत. एक जाड हात मारला तर ओघळतो.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी उजळतं. केस रंगवण्याचं २० व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइड. हातमोजे घालून ते लावा, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात चार-पाच तास ठेवा. मेच्या उन्हात ठेवलं तर पॅनेल वाकतं. काही वर्षांनी पिवळेपणा परतही येतो. आत्याच्या मशीनचं पॅनेल मी उजळवलं नाही. 'लोकर', 'सुती', 'नाजूक' यांच्यापुढं तिनं पेनानं मराठीत लिहिलेली अक्षरं त्यावर होती, ती पेरॉक्साइडनं गेली असती.

पहिली फेरी

पहिल्यांदा ड्रम रिकामा ठेवून, थंड पाण्यावर, पिळणं वगळून चालवा आणि पूर्ण वेळ टॉर्च घेऊन खाली बसून राहा. गळती पहिल्या दहा मिनिटांत दिसते. मग गरम पाण्याची फेरी. मग दोन जुने टॉवेल घालून पिळणं. एकच टॉवेल घालू नका, तो एका बाजूला बसतो आणि टब पत्र्यावर आदळतो. पट्टा गरम होतो का ते प्लग काढून हातानं बघा. पावडर कमी फेसाचीच घ्या, आणि तीही निम्मी. बादलीत चालणारी फेसाळ पावडर फ्रंट लोडमध्ये घातली की कपडे फेसावर तरंगतात, आपटले जात नाहीत आणि स्वच्छही होत नाहीत.

या मशिनांना पाणी जास्त लागतं, टॉप लोडला तर शंभर लिटरच्या पुढं सहज. आमच्याकडं शेवटच्या खळबळीचं पाणी नळीनं पिंपात घेतो आणि अंगण, पडवी त्यातच धुतो. धुणं झालं की दार उघडं ठेवायचं आणि रबराच्या घडीतलं पाणी फडक्यानं टिपायचं.

शेवटचं काम मागचा पत्रा लावण्याआधीचं. एका कागदावर काय काय केलं ते लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. आत्याच्या मशीनमधल्या कागदावर आहे: बेअरिंग ६२०५, दोन्ही नवी. सील नवं, घर मोजून घेतलं. कार्बन १४ मिलिमीटर शिल्लक. हीटर २६ ओहम, मेगरवर ५०च्या वर. पट्टा जुनाच, अजून दोन वर्षं चालेल. पुलीचा बोल्ट ग्रीस लावून बसवला आहे, आता सहज निघेल.